प्रतिसाद: गगनबावड्याकडची परसबाग

दोडक्या-कारल्याचे वेल जुलैत पिवळे पडून मुळापासून कुजतात, असं वर विचारलंय. गगनबावडा, राधानगरीकडचा पाऊस धरला तर दोष बियाण्याचा नसून आळ्याचा, म्हणजे वेलाच्या बुडाभोवती केलेल्या खळग्याचा वाटतो. उन्हाळ्यासारखं खोलगट आळं पावसाळ्यात चालत नाही. माती ओढून वीतभर उंच वरंबा करा, त्यावर बी टोका, आणि पागोळीचं पाणी तिकडे येणार नाही असा चर काढा. बी रोहिणीत, म्हणजे २५ मेनंतर, शिंपण्याच्या पाण्यावर टोकलं तर झड लागेपर्यंत वेल मांडवावर चढलेला असतो. मृगाची वाट बघू नये, असं माझं ठाम मत आहे.

शेणखत मात्र एकदम घालू नका. जांभ्या मातीतून पावसाबरोबर त्याचा कस धुऊन जातो. थोडं थोडं, उघडीप बघून द्या. कोवळी कारली पिवळी पडून आत अळ्या निघाल्या तर ती फळमाशी. अशी फळं खड्ड्यात खोल पुरा, उकिरड्यावर टाकलीत तर माशी पुन्हा वाढते.

मेथी-कोथिंबिरीची घाई नको, ती दसऱ्यानंतर. तोवर सांडपाण्याकडेला अळू आहेच.