मदत हवी आहे: टीसीई उतरलं, पण गाडी डीसीईवर अडली

अकोला जिल्हा, खारपाणपट्टा. धातूचे सुटे भाग धुण्याच्या जुन्या शेडलगतची निरीक्षण बोअर. सुरुवातीला टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन, भाग धुण्याचं क्लोरीनयुक्त द्रावक) ४०० मायक्रोग्रॅम/लिटर. जिवाणू त्याचा एकेक क्लोरीन काढतात: टीसीई, मग डीसीई (डायक्लोरोइथिलीन), मग व्हायनिल क्लोराइड, शेवटी निरुपद्रवी इथीन. त्या जिवाणूंना खाद्य म्हणून पाच महिने दर महिन्याला साखर कारखान्याची पातळ केलेली मळी सोडली. आता टीसीई २०, सिस-डीसीई (डीसीईचाच एक प्रकार) २८०, व्हायनिल क्लोराइड व इथीन शून्य. सामू ५.७, ऑक्सिजन ०.३ मिग्रॅ/लिटर. मळी वाढवू का? क्लोराइड वाढलेलं दिसत नाही, ते का?

उत्तर १
मळी आधी बंद करा. आकडे मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत मांडा: ४०० टीसीई म्हणजे ३.०४ मायक्रोमोल. आजचं २० टीसीई ०.१५ आणि २८० डीसीई २.८९, बेरीज तीच. म्हणजे एकेक क्लोरीन निघाला, पुढे काहीच नाही. डीसीईपासून इथीनपर्यंत नेणारा जिवाणू डिहॅलोकोकॉइडिस. सामू ६ च्या खाली तो जवळपास थंडावतो. मळी आंबून आम्ल झालंय, ही खरी अडचण.

खाण्याचा सोडा वापरा, चुना नको. सोड्याने सामू ८.३ च्या आसपासच थांबतो, चुना १२ वर नेतो. मात्रा बाटलीत ठरवा: बोअरचं १ लिटर पाणी, त्याच खोलीची २०० ग्रॅम माती, अर्धा-अर्धा ग्रॅम सोडा. प्रत्येक वेळी एक दिवस थांबून मोजा, माती आम्ल परत सोडते. ७ वर टिकला की झालं.

क्लोराइडचं म्हणाल तर १ मिग्रॅ टीसीई पूर्ण तुटलं तरी ०.८ मिग्रॅच निघतं. खारपाणात ते कुठून दिसणार?

उत्तर २
'व्हायनिल क्लोराइड शून्य' यावर लगेच विश्वास नको. ते उणे १३ अंशांना उकळतं. सबमर्सिबलच्या फेसात उडून जातं. संथ पंपाने ४० मिलीची कुपी काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नमुना फेका.

सामू ७ वर आल्यावर पाण्यात व्हीसीआरए जनुकाची (व्हायनिल क्लोराइड तोडणाऱ्या जिवाणूंची खूण) क्यूपीसीआर तपासणी, म्हणजे डीएनए मोजणी करा. जनुक नसेल तरच बाहेरून कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू. कल्चरसोबत नळयोजनेचं पाणी घालू नका, ब्लीचिंग पावडरचा अंश आणि ऑक्सिजन दोन्ही त्याला मारतात. बोअरचंच पाणी बंद टाकीत घ्या, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवा. ओआरपी (पाणी किती ऑक्सिजनविरहित आहे ते दाखवणारं विद्युत मोजमाप) उणे १०० मिलिव्होल्टच्या खाली असल्याशिवाय कल्चर उघडूही नका. खारपाणात सल्फेटही मोजा, त्यावर जगणारे जिवाणू डिहॅलोकोकॉइडिसला लागणारा हायड्रोजन खाऊन टाकतात.

उत्तर १ (पुन्हा)
शेजारच्या विहिरींचं पाणी पिण्यातून आत्ताच काढा. डीसीईच्या पुढची पायरी, व्हायनिल क्लोराइड, त्याहून विषारी आहे. रब्बीत मोटारी चालू झाल्या की प्रवाहाची दिशाही फिरते, तेव्हा नमुने त्या विहिरींचेही घ्या.