प्रतिसाद: आश्रयाचा अर्ज आणि रखडलेला कामाचा परवाना

दापोलीच्या ताई, भाच्याने अमेरिकेत आश्रयाचा अर्ज (मायदेशी छळ होईल, इथेच राहू द्या, असा) टाकून तीन महिने झाले नि एजंटने पंधरा दिवसांत कामाचा परवाना कबूल केला होता, असं तुम्ही लिहिलंय. एजंट धादांत खोटं बोलला. अर्ज दाखल झाल्यापासून 150 दिवस परवान्याचा फॉर्मच भरता येत नाही, आणि 180 दिवस भरल्याशिवाय परवाना मिळत नाही. त्यातही मेख अशी, की तुमच्या बाजूने तारीख पुढे मागितली की दिवसांची मोजणी थांबते.

आमच्या गुहागरच्या आत्येने कालनिर्णयावर पेन्सिलीने खुणा करत मुलाच्या अशाच अर्जाचे दिवस मोजले होते. आगोटीला सुरुवात केली, नवरात्रात 150 भरले. फोन केला तर कळलं, वकिलाने कोर्टात तारीख वाढवून घेतली तेव्हापासून मोजणी 64 वरच अडकलेली! पुढच्या सुनावणीपर्यंत ती हलली नाही. तोवर पोरगा मित्राच्या सोफ्यावर, आणि आत्या इथून आमसुलं विकून त्याला पैसे पाठवत्येय. उलटी गंगा.

ब्रिटनचं कुणीतरी विचारलं होतं. तिथे निकाल 12 महिने रखडला, तोही अर्जदाराच्या चुकीमुळे नाही, तरच कामाची परवानगी मागता येते.

आणि हो, एजंटने कहाणी रचून दिली असेल तर आधी चांगला वकील गाठा. जाणूनबुजून खोटा अर्ज ठरला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होतं.

भाच्याकडे अर्ज पोचल्याची पावती आहे ना? तिच्यावरची तारीख आधी बघा.