नाव नसलेले सक्युलंट (पाणी साठवणारी जाडसर झाडं) फक्त पानांवरून ओळखता येतात का?

कोथरूडची_बाल्कनी:
सोलापूर रोडच्या एका नर्सरीतून बऱ्याच छोट्या कुंड्या आणल्यात, एकीवरही नाव नाही, सगळं 'मिक्स सक्युलंट' म्हणून दिलं. पावसाळा तोंडावर आलाय, त्याआधी कुणाला आडोशाला घ्यायचं आणि कुणाला उन्हात ठेवायचं ते ठरवायला गट करायचेत, फुलं येईपर्यंत थांबणं शक्य नाही. पांढऱ्या पट्ट्यांची दोन झाडं तर मला अगदी सेम दिसतात. काय बघू?

भिंग_घेऊन:
ताई, रंग सोडा, आधी वरून बघा पानं कशी बसलीत. समोरासमोर जोडी आणि पुढची जोडी तिला आडवी असेल तर क्रॅसुला किंवा कलान्को, आपली पानफुटी कलान्कोच. गोल फिरत वर गेली असतील तर एचेव्हेरिया, हॉवर्थिया, कोरफड असे बरेच पर्याय उरतात, आणि दोनच रांगांत एकमेकांवर असतील तर बहुतेक गॅस्टेरिया. मग पृष्ठभाग. तुमची पट्टेवाली दोन्ही हॉवर्थिऑप्सिस असावीत (२०१३ मध्ये हॉवर्थियातून वेगळी काढली). पानाची आतली, मधल्या कोंबाकडची बाजू बोटाने चाचपा. तिथे गुळगुळीत आणि पांढरे दाणे फक्त मागे, तर फॅसिआटा ही जात. दोन्हीकडे खरखरीत तर अटेन्युआटा. फॅसिआटा म्हणून विकतात ते बहुतेक वेळा अटेन्युआटाच असतं, त्यामुळे दोन्ही तीच निघाली तरी नवल नाही.

हडपसर_गच्ची:
बोट लावण्यावरून सांगते, एचेव्हेरियाच्या पानावरच्या पांढऱ्या पावडरीला मात्र प्लीज हात लावू नका, ते मेण असतं, उन्हापासून वाचवतं आणि पुसलं गेलं तर त्या पानावर परत नीट येत नाही. आणि पावडर दिसली म्हणजे एचेव्हेरियाच असंही नाही, ग्रॅप्टोपेटलम, कोटिलेडॉनवरही असते. रंगाचं मात्र अगदी खरं, मे महिन्यात गच्चीवर लाल झालेलं झाड जुलैत सावलीत हिरवं होऊन लांबट वाढतं, दोन फोटो शेजारी ठेवले तर एकच झाड आहे असं कुणी म्हणणार नाही.

कोथरूडची_बाल्कनी:
वा, खूप मदत झाली! दोन्ही बाजूंनी खरखरीत आहेत, म्हणजे दोन्ही अटेन्युआटा. एक काटेरी खांब उरलाय, आणि एकाच्या पानांची टोकं काचेसारखी आरपार दिसतात, ते आजारी आहे का?

भिंग_घेऊन:
आजारी नाही, ती खिडकी आहे. बहुतेक हॉवर्थिया कूपेरी असेल. दक्षिण आफ्रिकेत हे झाड बरंचसं मातीत दडलेलं असतं, फक्त टोकं वर, तिथून उजेड आत जातो. त्याला दुपारचं कडक ऊन देऊ नका. खांबाचे काटे जिथून निघतात तिथे बारीक लोकरीचा ठिपका दिसला तर निवडुंग म्हणजे कॅक्टस, नसला तर युफोर्बिया असू शकेल. चीक येतो का बघायला कापू नका, युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. ठिपक्याचा जवळून फोटो टाका, सांगतो.