चालू व्हर्च्युअल मशीनला डिस्क जोडायची आहे, मशीन बंद करायला मालक तयार नाहीत

फोंड्याचा_हिशेबनीस:
नमस्कार मंडळी. फोंड्याच्या बाजारात एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे मी हिशेब बघतो. "तुला कॉम्प्युटर कळतो ना" म्हणत सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडलाय. दुकानाच्या माळ्यावर उबुंटूचा होस्ट (खरा संगणक), त्यावर केव्हीएम (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारी सोय), त्यात बिलिंगची डेबियन लिनक्सची व्हर्च्युअल मशीन. कुणीतरी कधीतरी उभी केलेली, मूळ डिस्क आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत). ती आता ९७ टक्के भरलीय. चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर आली. गूळ, नारळ, चणाडाळ, रवा, बिलं सकाळी सातपासून थांबत नाहीत. पाच मिनिटं मशीन बंद करू म्हटलं तर मालकांचं उत्तर, "चवथ जाल्या उपरांत कर."

मग २०० जीबीची नवी क्यूकाऊ२ फाईल (आभासी डिस्क साठवणारी) केली आणि व्हर्श अटॅच-डिस्क या कमांडला टार्गेट, म्हणजे डिस्कचं नाव, एचडीबी देऊन जोडायला गेलो. त्याने तोंडावर सांगितलं, आयडीई बसवर (जोडणीच्या मार्गावर) हॉटप्लग, म्हणजे मशीन चालू असताना जोडणं, होत नाही. घरच्या डेस्कटॉपला मी चालू असताना साटा (आयडीईनंतरची जोडणी) डिस्क लावलीय, इथे तर वायरसुद्धा नाही! अडतंय कुठे? साटा करून बघू का?

डिचोलीकर:
साटाच्या नादी लागू नका. खऱ्या साटात ती सोय आहे, पण क्यूईएमयूने (केव्हीएमसाठी आभासी यंत्रसामग्री उभी करणारा प्रोग्राम) केलेल्या त्याच्या नकलेत हॉटप्लग नाही. तिथेही हाच नकार मिळेल. आयडीई तर त्याहून जुनं. दोन चॅनल, प्रत्येकावर मास्टर-स्लेव्ह, एकूण चार डिस्क. कर्नल उठताना एकदा हजेरी घेतो, नंतर उशिरा येणाऱ्याने "मी आलो" सांगायची रीतच नाही. (सीडी बदलता येते ती ड्राइव्ह आधीच बसलेला असतो म्हणून.)

तुमचं घोडं पेंड खातंय ते टार्गेटच्या नावात. बस सांगितली नाही तर लिबव्हर्ट (व्हर्शच्या मागचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर) नावावरून ओळखतो: एचडी म्हटलं की आयडीई, व्हीडी म्हटलं की व्हर्टआयओ (खास आभासी मशीनसाठीची जोडणी). व्हीडीबी देऊन बघा. व्हर्टआयओची प्रत्येक डिस्क म्हणजे मशीनच्या लेखी एक पीसीआय कार्ड, आणि कार्ड आल्याची वर्दी एसीपीआय (यंत्रसामग्री आणि ऑपरेटिंग सिस्टीममधला निरोप्या) देतं. इतकी जुनी मशीन बहुधा आय४४०एफएक्स (जुना आभासी मदरबोर्ड) प्रकारची असेल. तिथे एखादा स्लॉट रिकामा असला की झालं. डेबियनला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लिनक्स कर्नलात तो २००८ पासून आहे.

फोंड्याचा_हिशेबनीस:
बाब, डिस्क दिसली! मागितली व्हीडीबी, आत आली व्हीडीए. ते असो. पण आकार बघून हसू की रडू कळेना: २०० जीबीच्या जागी काहीशे केबी.

डिचोलीकर:
नाव ही नुसती सूचना, आतलं नाव पाहुणा (आतली व्हर्च्युअल) मशीन स्वतःच्या क्रमाने ठरवते. पहिलीच व्हर्टआयओ डिस्क म्हणून ए. आकाराचं कारण म्हणजे फॉरमॅट सांगायचा राहिला. न सांगितल्यास फाईल कच्ची डिस्क समजली जाते, आणि रिकामी क्यूकाऊ२ फाईल खरोखर तेवढीच असते. त्यावर काहीही फॉरमॅट करू नका. डिटॅच करा, कमांडमध्ये सबड्रायव्हर (फाईलचा फॉरमॅट) क्यूकाऊ२ लिहून परत जोडा. पुढे कधी भरलेली डिस्क काढाल तेव्हा आधी अनमाउंट. काढणं ही होस्टची नुसती विनंती असते, आतल्या कर्नलने हात सोडला तरच ती सुटते.

वास्को_रात्रपाळी:
घाईत एक विसराल म्हणून लिहितो. जोडताना लाइव्ह (आत्ता चालू मशीनला) या पर्यायाबरोबर कॉन्फिगही (कायमच्या नोंदीत) द्या. नाहीतर डिस्क फक्त मशीन चालू असेपर्यंतची. मी गेल्या पावसात हेच केलं. रात्री दोनला वीज गेली, इन्व्हर्टरने मान टाकली, होस्ट परत उठला तर डिस्क गायब. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) तिचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) होता, नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) नव्हतं. मशीन इमर्जन्सी मोडमध्ये पासवर्ड मागत बसलेली आणि मी स्कूटरवर रेनकोट घालून.

आणि क्यू३५ (नव्या प्रकारचा आभासी मदरबोर्ड) मशीनवाल्यांनी वरचं वाचून उड्या मारू नयेत. तिथे मुख्य बसवर हॉटप्लग नाही, प्रत्येक डिस्कला एक रिकामा रूट पोर्ट (कार्ड लावायची जागा) लागतो, तो आधी मशीन बंद असताना लावून ठेवायचा. नसला तर पीसीआय स्लॉट शिल्लक नाही म्हणून ओरडतं. मी हल्ली व्हर्टआयओ-स्कझी कंट्रोलर (अनेक डिस्का सांभाळणारं एक कार्ड) एकदाच बसवतो. मग डिस्का त्याच्यामागे लागत जातात, स्लॉट खात नाहीत.

फोंड्याचा_हिशेबनीस:
जमलं. पूर्ण २०० जीबी, कॉन्फिगसकट, नोफेलसकट. जुन्या बिलांच्या पीडीएफ आणि बॅकअप तिकडे हलवले, मूळ डिस्क ६१ टक्क्यांवर आली. खाली एकही बिल अडलं नाही. मालक आता विचारतायत, काहीच बंद पडलं नाही तर सकाळपासून माळ्यावर करत काय होतास?