मदत हवी आहे: पावसात चिखलाचा चढ, गाडी आडवी सरकते

गोव्यातल्या सत्तरीत आमच्या कुळागराकडे (सुपारीच्या बागेकडे) जाणारी वाट आधी व्हाळातून (ओढ्यातून) जाते आणि लगेच जांभ्याच्या चढाला लागते. चढाच्या वरच्या भागात तांबडा चिखल, खालच्या भागात शेवाळलेला दगड. गाडी महिंद्रा थार, डिझेल मॅन्युअल, टायर मूळचेच एच/टी (डांबरी रस्त्यासाठीचे). वाट खाजगी आहे, अभयारण्यातली नाही.

फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर), दुसरा गियर, अ‍ॅक्सिलरेटर हलका, टायरमधली हवा २२ पीएसआयपर्यंत उतरवलेली. एवढ्यावर व्हाळ आरामात पार होतो. अडतं ते वरच्या वळणावर. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हलकं होऊन नुसतं फिरतं, टायरच्या खाचा चिखलाने बुजतात आणि गाडी उताराच्या अंगाला सरकते. मला खरी भीती या सरकण्याचीच आहे. चाकोरीत खडी टाकून पाहिली, ती पावसाने वाहून गेली.

एम/टी (खास चिखलाचे) टायर नकोत, रोज पणजीला ये-जा याच गाडीने असते. विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) नाही. सोबत बहुतेकदा फक्त सासरे, त्यामुळे ढकलण्याचा प्रश्नच नाही.

असा चढ भर पावसात चढवलेल्यांनी कृपया सांगा: ए/टी (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरने भागेल का? आणि ओला दगड संपून चिखल सुरू होतो तिथे ट्रॅक्शन कंट्रोल (चाक नुसतं फिरू लागलं की ते आपोआप आवरणारी यंत्रणा) बंद करावा की चालूच ठेवावा?