घरातून हिशेबाचे काम : वायफाय वेगळे कसे करावे?

मुलुंडची_हिशेबनीस :
नमस्कार. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातूनच मी लहान दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रे भरण्याचे आणि टॅलीतले हिशेब लिहिण्याचे काम करते. क्लायंटची पॅन व आधार कार्डे, बँक स्टेटमेंटे असे सगळे एकाच संगणकावर आहे, आणि ज्या वायफायवर तो चालतो त्याच वायफायवर मुलांचे मोबाइल, टीव्ही, दारावरचा कॅमेरा आणि कागद द्यायला येणाऱ्या क्लायंटचे फोनही चालतात. राउटर बसवायला आलेल्या माणसाने माझा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून टाकून दिला आहे. एखाद्या राउटरच्या किमतीहून अधिक खर्च न करता कामाचे नेटवर्क वेगळे करता येईल का?

गिरगावकर :
ताई, खरेदीला जाण्याआधी पासवर्ड बदला. मोबाइल क्रमांक दहा अंकी असला तरी तो ६ ते ९ यांपैकी एका अंकानेच सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी; आकडा मोठा वाटतो, पण फोन वायफायला जोडला जात असतानाची देवाणघेवाण एकदा टिपून घेतली की पुढचे अंदाज घरी बसून तपासता येतात आणि ताकदवान ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचे काम आहे. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड ठेवा. राउटरमधल्या वायफायच्या सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत असेल तर ती निवडा, जुनी उपकरणे तिला जोडली जात नसतील तर तिच्या आधीची डब्ल्यूपीए२ एईएस.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडण्याची सोय, मात्र बंदच करा. त्याचा पिन आठ अंकी असतो, पण शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो आणि दोन्ही अर्धे भाग वेगवेगळे तपासले जातात, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. आपल्याकडच्या इमारतींत एका भिंतीपलीकडे कितीजणांचे वायफाय दिसते ते पाहिले, म्हणजे ही भीती पुस्तकी नाही हे पटेल. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड हा वायफायच्या पासवर्डाहून निराळा असतो; तोही बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिल्यामुळेच.

पार्ल्याचा_नेटवर्कवाला :
वेगळे करण्याबद्दल सांगतो. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवर गेस्ट नेटवर्कची, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायची सोय असेल तर टीव्ही, कॅमेरा आणि पाहुण्यांचे फोन त्यावर टाका, आणि गेस्टवरच्या उपकरणांना मुख्य नेटवर्क दिसण्याची परवानगी बंद आहे ना, ते पाहा. यात पैसा लागत नाही.

नवा राउटर घेणारच असाल, तर तो कामासाठी ठेवा. कंपनीच्या राउटरला केबलने तो जोडायचा आणि कामाचा संगणक त्या नव्या राउटरला केबलनेच जोडायचा. असे केल्यावर घरच्या उपकरणांना आपणहून तुमच्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही. अनेकजण उलटे करतात, म्हणजे नव्या राउटरवर टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन टाकतात. पण आतल्या (नव्या) राउटरवरून बाहेरच्या (कंपनीच्या) राउटरचे नेटवर्क गाठता येते, त्यामुळे हेतूच उरत नाही. दोन्ही राउटरचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे आकडी पत्ते) एकाच मालिकेतले नसावेत : एक १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर दुसरा १९२.१६८.५० वर ठेवा.

मुलुंडची_हिशेबनीस :
आभारी आहे. प्रिंटर मुलांनाही शाळेच्या कामासाठी लागतो, तो कुठे ठेवावा?

पार्ल्याचा_नेटवर्कवाला :
घरच्या बाजूला. तुमच्या संगणकावरून त्याचा पत्ता देऊन छपाई होईल. तो यादीत आपोआप दिसला नाही तरी घाबरू नका. प्रिंटर स्कॅन साठवून ठेवत असेल तर ते पर्याय बंद करा, कारण आधार कार्डांच्या प्रती तिथेच पडून राहतात.

गिरगावकर :
एक गोष्ट या चर्चेत मागे पडते आहे. खंडणीखोर सॉफ्टवेअर (रॅन्समवेअर), म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे सॉफ्टवेअर, बहुधा ई-मेलमधल्या खोट्या बिलातून संगणकात शिरते, आणि ते बिल उघडणारा हात आपलाच असल्यामुळे तिथे दोन राउटर काहीच अडवत नाहीत. टॅलीच्या डेटाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्कही मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद होते. संगणकावर विंडोज १० असेल तर त्याची नेहमीची सुरक्षा अद्यतने (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत, म्हणून बजेट एकाच वस्तूपुरते असेल तर राउटर नंतर घ्या आणि आधी संगणकाकडे बघा.