सेल्समनना दिलेल्या मोबाईलवर काय बंद करावं, काय नाही?

प्रश्न
सांगलीत आमची साबण-बिस्किटांची एजन्सी आहे. तासगाव, विटा, कवठेमहांकाळ बीटवरच्या (म्हणजे ठरलेल्या विक्री-फेरीवरच्या) पोरांना आम्ही अँड्रॉइड मोबाईल दिलेत. ॲपवर ऑर्डर घ्यायची, वसुलीची नोंद करायची, एवढंच काम. पण दुपारपर्यंत डेटा रील्समध्ये संपतो आणि ऑर्डरी तोंडी सांगाव्या लागतात. परवा एक जण काम सोडून गेला. मोबाईल जमा केला, पण त्यात त्याचं स्वतःचं जीमेल. बटणं दाबून रिसेट मारला तर मोबाईल तेच खातं मागतोय, आणि तो फोन उचलत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, ऑर्डरचं ॲप सोडून सगळं बंद करू, लोकेशन चोवीस तास चालू ठेवू. मला ते पटत नाही. यातल्या काहींकडे दुसरा मोबाईलच नाही, घरच्यांचे फोन यावरच येतात. कुठवर जावं?

उत्तर १
मी औषध वितरकाकडे हेच काम बघते. अडकलेला मोबाईल खरेदीचं बिल घेऊन त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला न्या. चोरीचा मोबाईल वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइड ५.१ पासून जुनं खातं मागणारं हे कुलूप आहे.

बाकीच्या मोबाईलवर एमडीएम बसवा, म्हणजे कंपनीचे सगळे मोबाईल एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर. पूर्ण ताबा हवा तर मोबाईल रिसेट करावाच लागतो. स्वागताच्या पहिल्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की क्यूआर स्कॅनर उघडतो, एमडीएमचा कोड तिथे दाखवायचा. त्याआधी पोरांना त्यांचे फोटो, नंबर काढून घ्यायला वेळ द्या, ही माझी कळकळीची विनंती. मग प्ले स्टोअरमध्ये तुम्ही मंजूर केलेलीच ॲप्स मिळतात, सेटिंगमधला रिसेट बंद करता येतो आणि कुलूप कुठल्या खात्याने उघडेल तेही तुम्हीच ठरवता.

एकच ॲप दाखवणारा किऑस्क मोड गोदामात ठीक आहे. रस्त्यावरच्या माणसाला डायलर, नकाशा, व्हॉट्सॲप लागतंच. रात्री विट्याहून येताना गाडी घसरली तर ११२ लावता आला पाहिजे.

उत्तर २
मी स्वतः बीटवर फिरतो. रील्स बंद केल्या तर आमचं काही अडत नाही. पण रविवारी सासुरवाडीला गेलो आणि सोमवारी शेठनी विचारलं, "कराडला काय काम होतं?" बायकोसमोर मला ते सांगायचीही लाज वाटली. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मोबाईल गोदामात ठेवूनच घरी जातो. लोकेशन हजेरी लावल्यापासून हिशेब देईपर्यंतच ठेवा, आणि काय दिसतं ते आधी तोंडावर सांगा.

उत्तर ३
डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात कलम ७ खाली नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला मुभा आहे. रविवारची सासुरवाडी त्यात कशी बसेल? भावाला हे जरूर दाखवा.

प्रश्नकर्ता
लोकेशनचं ठरलं, सुट्टीला बंद. पण ज्यांच्याकडे हा एकच मोबाईल आहे, त्यांचं काय?

उत्तर १
त्यांना पूर्ण ताबा लावू नका, वर्क प्रोफाइल द्या, म्हणजे एकाच मोबाईलवर कामाची ॲप्स एका वेगळ्या कप्प्यात आणि खाजगी बाजू वेगळी. अँड्रॉइड ११ पासून कंपनीच्या मोबाईलवरही खाजगी बाजूचे फोटो, मेसेज मालकाला दिसत नाहीत. नको ती ॲप्स मात्र तिथेही अडवता येतात, म्हणजे तुमचा रील्सचा प्रश्न सुटतो. सेटअप यांचाही रिसेट करून, त्याच क्यूआर कोडच्या पद्धतीने. आधी एकाच मोबाईलवर करून बघा, तासगावच्या बीटवर आठवडाभर चालवा, मग बाकीचे घ्या.